काटेरी तारेची सजावट : ‘अमेरिकन डर्ट’ कादंबरीचं प्रकरण

२०१८ साली अमेरिकेत एका हस्तलिखितासाठी तीन दिवस लिलाव चालला. बोली लावणारे प्रकाशक होते नऊ. शेवटी मॅकमिलन समूहातल्या ‘फ्लॅटआयर्न बुक्स’नं दहा लाख डॉलरच्या वरची आगाऊ रक्कम कबूल करून हक्क घेतले. लेखिका जनीन कमिन्स. तोवर तिच्या नावावर तीन पुस्तकं होती, एक आत्मकथन आणि दोन कादंबऱ्या. दहाएक वर्षं तिनं स्वतः प्रकाशन व्यवसायात नोकरीही केली होती. ‘अमेरिकन डर्ट’, मेक्सिकोतून अमेरिकेकडे पळणाऱ्या आई-मुलाची ही कादंबरी, बाजारात आली २१ जानेवारी २०२० रोजी. पहिली छपाई पाच लाख प्रतींची. त्याच दिवशी दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री हिनं आपल्या वाचक मंडळासाठी ते निवडल्याचं जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात, २९ जानेवारीला, प्रकाशकानं लेखिकेचा अख्खा दौरा रद्द केला. आणि पुस्तक मात्र न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर दाखल झालं.

दौरा रद्द होणं आणि यादीत पहिलं येणं, दोन्ही एकाच वेळी घडलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं. एरवी या प्रकरणाच्या दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, गोऱ्या बाईनं मेक्सिकन दुःख विकलं आणि तिची पोल उघडी पडली. दुसरी, समाजमाध्यमांवरच्या झुंडीनं एका लेखिकेला गप्प केलं. दोन्ही सोप्या आहेत आणि दोन्हींमध्ये पुस्तक तयार होण्याची प्रक्रिया गायब आहे. परक्या समाजाबद्दल लिहावं की नाही, हा प्रश्न इथे आमच्या मते दुय्यम आहे. पुस्तक कोणतं वचन देऊन विकलं गेलं, आणि ते वचन तपासणारा माणूस साखळीत कुठल्या टप्प्यावर होता, हे पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

कथानक, जेवढं लागतं तेवढं

आकापुल्को हे मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातलं समुद्रकाठचं शहर. एकेकाळी हॉलिवूडच्या नटनट्यांचं सुट्टीचं ठिकाण, पुढे अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या लढायांनी पोखरलेलं. तिथे लिडिया पुस्तकांचं दुकान चालवते. नवरा सेबास्तियान पत्रकार, मुलगा लुका आठ वर्षांचा, भूगोल तोंडपाठ असलेला. दुकानात हावियेर नावाचा एक सुसंस्कृत, कविता करणारा गिऱ्हाईक येऊ लागतो, लिडियाशी त्याची मैत्री जमते. तो ‘लोस हार्दिनेरोस’ या टोळीचा म्होरक्या निघतो. सेबास्तियान त्याच्यावर लेख लिहितो. लेख वाचून बार्सिलोनात शिकणारी हावियेरची मुलगी जीव देते, आणि त्याचा सूड म्हणून लिडियाच्या भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभात तिच्या घरातली सोळा माणसं मारली जातात. न्हाणीघरात लपलेली लिडिया आणि लुका तेवढी वाचतात. तिथून पळ सुरू होतो: मेक्सिको सिटी, मग उवेवेतोका, मालगाडीच्या टपावरून ग्वादालाहारा, सिनालोआ, सोनोरा, शेवटी नोगालेस आणि वाळवंट. वाटेत होंडुरासच्या सोलेदाद आणि रेबेका या दोघी बहिणी सोबत येतात. पैसे घेऊन सीमा ओलांडून देणारा ‘कोयोटे’ नोगालेसला भेटतो.

पहिलं प्रकरण वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही, हे मान्य करायला हवं. पकड आहे, गती आहे. एक थरारक कादंबरी म्हणून हे पुस्तक साध्या कपड्यांत बाजारात आलं असतं तर? बहुधा दोनचार बऱ्या परीक्षणांवर आणि विमानतळावरच्या खपावर त्याचं आयुष्य सुखानं गेलं असतं.

दहा लाखांचं गणित

साध्या कपड्यांत ते का आलं नाही, याचं उत्तर हिशेबात आहे. अमेरिकेत पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकावर लेखकाला रूढ मानधन असं मिळतं: पहिल्या पाच हजार प्रतींवर छापील किमतीच्या १० टक्के, पुढच्या पाच हजारांवर साडेबारा, त्यापुढे १५. किंमत सुमारे २८ डॉलर धरली तर वरच्या टप्प्यात लेखकाच्या वाट्याला प्रतीमागे ४ डॉलर २० सेंट येतात. दहा लाखांची आगाऊ रक्कम फिटायला या दरानं अंदाजे २ लाख ४० हजार प्रती खपाव्या लागतात, तेही फक्त पुठ्ठा बांधणीच्या. (मराठीत कादंबरीची पहिली आवृत्ती हजार प्रतींची निघते. अमेरिकेतल्या आकड्यांनी आपले डोळे फिरतात, पण गणिताची रीत तीच.) प्रकाशकाला नफ्यात यायला लेखकाची रक्कम पूर्ण फिटावीच लागते असं नाही. तरी एवढी उचल दिली की विक्री, जाहिरात, दुकानदारांची मागणी, सगळं त्या आकड्याच्या मापानं कापावं लागतं.

एवढ्या प्रती नेहमीच्या थरारकथा वाचणाऱ्यांत खपत नाहीत. त्यासाठी वर्षाला दोनतीनच पुस्तकं घेणाऱ्या वाचकाला दुकानात आणावं लागतं, आणि तो येतो ‘हे वाचलंच पाहिजे’ अशा पुस्तकासाठी. २०१८–१९मध्ये अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर आईबापांपासून तोडलेली मुलं रोज बातम्यांत होती. विक्रीचं सूत्र समोर आयतं पडलेलं होतं. डॉन विन्स्लो या टोळीयुद्धांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकानं मलपृष्ठासाठी या पुस्तकाची तुलना थेट स्टाइनबेकच्या १९३९ सालच्या, विस्थापित शेतकऱ्यांवरच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या गाजलेल्या कादंबरीशी केली. स्टीफन किंग आणि जॉन ग्रिशम यांनी शाबासकी दिली. मेक्सिकन वंशाच्या सँड्रा सिस्नेरोस आणि डोमिनिकन वंशाच्या हुलिया आल्वारेस यांचीही नावं मिळाली. सिस्नेरोस पुढे वादळातही आपल्या मतावर ठाम राहिल्या, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

खुद्द लेखिकेनं शेवटच्या टिपणात वचनावर शिक्कामोर्तब केलं. स्थलांतरितांकडे लोक चेहरा नसलेला तपकिरी लोंढा म्हणून पाहतात, त्यांना चेहरा द्यावा असं वाटलं, हा तिचा मुद्दा. आपल्यापेक्षा थोड्या सावळ्या कुणीतरी हे लिहावं अशी इच्छा होती, अशीही कबुली तिथे आहे. टिपण भाबडेपणानं लिहिलेलं वाटतं, लबाडीनं नाही. पण त्यानं मोजमाप बदललं. थरारकथेतली चूक वाचक सोडून देतो. ‘यांना चेहरा देते’ म्हणणाऱ्या पुस्तकात चेहऱ्यावरचा तीळ चुकला तरी ज्याचा चेहरा आहे तो माणूस उठून उभा राहणारच.

मिरियम गुर्बाचं परीक्षण

कॅलिफोर्नियातली लेखिका आणि शिक्षिका मिरियम गुर्बा हिला ‘मिस’ या स्त्रीवादी नियतकालिकानं पुस्तकाचं परीक्षण करायला सांगितलं होतं. तिनं लिहिलेलं फार जहाल वाटल्यामुळे त्यांनी ते छापलं नाही. मग १२ डिसेंबर २०१९ रोजी ‘ट्रॉपिक्स ऑफ मेटा’ या इतिहासविषयक ब्लॉगवर ते आलं. प्रकाशनाला अजून जवळजवळ सहा आठवडे होते. भाषा शिवराळ होती, तरी त्यातले मुद्दे नेमके होते, म्हणूनच ते टिकले.

एक उदाहरण पुरेसं आहे. मेक्सिको सिटीत बर्फावर घसरण्याची रिंक आहे हे पाहून लिडियाला नवल वाटतं. गुर्बाचं म्हणणं, आपण स्वतः असं घसरायला मेक्सिकोतच शिकलो. गोष्ट क्षुल्लक. पण जरा थांबून विचार करा. लिडिया शिकलेली आहे, शहरी आहे, पुस्तकांचं दुकान चालवते, पत्रकाराची बायको आहे. आपल्या देशाच्या राजधानीत रिंक असणं हे तिच्यासाठी नवल नाही. ते नवल आहे मेक्सिको म्हणजे धूळ आणि निवडुंग असं चित्र डोक्यात असलेल्या अमेरिकन वाचकासाठी. म्हणजे त्या क्षणी पात्राच्या डोळ्यांतून दुसरंच कुणीतरी पाहतंय.

हीच चूक मग मोठ्या जागीही सापडते. मध्य अमेरिकेतून येणाऱ्यांचे मेक्सिकोत अपहरण, लूट, बलात्कार होतात, हे कळून लिडिया हादरते. ऑगस्ट २०१०मध्ये तामाउलिपास राज्यातल्या सान फेर्नान्दो इथे ७२ स्थलांतरितांची एकाच वेळी हत्या झाली होती. ती बातमी त्या देशात पत्रकाराच्या घरी पोचली नसेल हे संभवत नाही. लिडियाच्या स्वतःच्या गेरेरो राज्यात सप्टेंबर २०१४मध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले. मे २०१७मध्ये कुलियाकानमध्ये हावियेर वाल्देस या नावाजलेल्या पत्रकाराला भर दुपारी रस्त्यात गोळ्या घातल्या. अशा देशातल्या पत्रकाराच्या बायकोला धोक्याचं ज्ञान कसं असतं? कुठला रस्ता संध्याकाळनंतर टाळायचा, कुणाचं नाव फोनवर घ्यायचं नाही, कुठल्या पोलिसाशी बोलायचं नाही, अशा सवयींच्या रूपात ते असतं. तिला धक्का बसत नाही, तिला कंटाळलेली भीती असते. कादंबरीत ती कंटाळलेली भीती फार कमी जागी दिसते.

टेक्ससमधले लेखक-अनुवादक डेव्हिड बोल्स यांनी स्पॅनिशवर बोट ठेवलं: वाक्यं व्याकरणानं चालतात, पण इंग्रजीत विचार करून मग उलटवलेली वाटतात. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पारुल सहगल यांचं परीक्षण १७ जानेवारीला आलं, आणि आम्हाला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचं जगणं कल्पनेनं उभं करणं हे कादंबरीचं कामच आहे, असं त्या आधीच सांगून टाकतात. मग त्या वाक्यं हातात घेतात. पात्रं एकमेकांच्या तपकिरी कातडीकडे पुन्हा पुन्हा पाहतात, उपमा ताणून ताणून फाटतात, हेतू चांगला असून पुस्तक कलाकृती म्हणून कोसळतं. म्हणजे ‘परकी म्हणून नको’ असं न म्हणता ‘परकेपण पानावर उतरलं म्हणून फसलं’ हे दाखवता येतं.

इथे एक अवांतर. अनुभवाचा अधिकार कुणाचा, हा वाद मराठीला नवा नाही. दलित साहित्याच्या चळवळीनं तो अर्धशतकापूर्वीच उभा केला आणि त्यातून निघालेली आत्मकथनं आज अभ्यासक्रमात आहेत. म्हणून की काय, अमेरिकेतली २०२०ची चर्चा वाचताना मराठी वाचकाला ती पहिल्या इयत्तेतली वाटू शकते. फरक पैशाचा आहे. आपल्याकडे सहानुभूतीनं लिहिणाऱ्याला दहा लाख डॉलर कुणी दिले नाहीत.

नऊ दिवस

वाद पेटायला एक छायाचित्र पुरलं. मे २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या पुस्तक मेळ्याच्या वेळी प्रकाशकानं पुस्तकविक्रेत्यांना मेजवानी दिली होती. मुखपृष्ठावर निळ्या नक्षीत पक्षी आणि काटेरी तार आहे, म्हणून जेवणाच्या टेबलांवरच्या फुलांच्या सजावटीलाही काटेरी तार गुंडाळलेली होती. जानेवारीत ते फोटो पुन्हा फिरले. लेख वाचायला वीस मिनिटं लागतात, फोटोला दोन सेकंद. सीमेवर ज्या तारेत माणसांचे कपडे अडकून फाटतात, ती तार मेणबत्त्यांच्या उजेडात वाइनच्या पेल्यांशेजारी.

ती सजावट ठरवताना ती कुणी थांबवली नाही, ही खरी नोंद. त्याचं कारण आकड्यांत सापडतं. ‘ली अँड लो’ या प्रकाशनसंस्थेनं अमेरिकन प्रकाशन व्यवसायातल्या मनुष्यबळाची पाहणी नेमकी याच जानेवारीच्या अखेरीस जाहीर केली: ७६ टक्के गोरे, लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, फक्त ६ टक्के. देशाच्या लोकसंख्येत लॅटिनोंचा वाटा तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास होता.

दुसरा फटका नवऱ्यावरून. विक्रीच्या मजकुरात आणि लेखिकेच्या टिपणात नवरा पूर्वी कागदपत्रांविना अमेरिकेत राहिलेला स्थलांतरित असल्याचा उल्लेख होता. तो आयर्लंडचा, हे सांगितलेलं नव्हतं. माहिती खोटी नव्हती. पण सीमेवरच्या मेक्सिकन कुटुंबाच्या कादंबरीशेजारी ती ठेवली की वाचक जे समजायचं तेच समजतो. तिसरा फटका लेखिकेच्याच जुन्या लेखाचा. २०१५च्या अखेरीस वृत्तपत्रात लिहिताना तिनं स्वतःला गोरी म्हटलं होतं, आजी पोर्तो रिकोची असल्याचंही त्यातच होतं. आता प्रसिद्धीत आजी पुढे आली आणि ‘गोरी’ मागे गेली, असं टीकाकारांनी दाखवून दिलं.

सल्मा हायेक या अभिनेत्रीनं पुस्तक हातात धरून फोटो टाकला, आणि पाठोपाठ वाचलं नव्हतं म्हणून माफी मागितली. न वाचता शिफारस करण्याचा रोग आपल्याला ओळखीचा आहे, माफी मागण्याचा भाग तेवढा परका.

२९ जानेवारीला फ्लॅटआयर्नचे प्रमुख बॉब मिलर यांनी निवेदन काढलं. दुकानदारांना आणि लेखिकेला धमक्या येत असल्यामुळे दौरा रद्द, त्याऐवजी टीकाकारांसह खुल्या सभा घेऊ. त्याच निवेदनात त्यांनी चुका मोजल्या: स्थलांतराच्या अनुभवाची निर्णायक कादंबरी असा दावा करायला नको होता, नवरा आयरिश आहे हे सांगायला हवं होतं, ती सजावट करायला नको होती. नीट पाहिलं तर ही सगळी कबुली विक्रीखात्याच्या खात्यावर आहे, संपादनाबद्दल एक शब्द नाही. १४२ लेखकांनी ऑप्राला खुलं पत्र लिहून निवडीचा फेरविचार करायला सांगितलं. तिनं निवड मागे घेतली नाही, पण ६ मार्चला दाखवलेल्या कार्यक्रमात लेखिकेसमोर तीन लॅटिना लेखिका बसवल्या.

हस्तलिखित कसं तपासायला हवं होतं

असं पुस्तक हाती आलं तर संपादकानं काय करावं, हे सांगितल्याशिवाय प्रकरण अर्धवट राहील. आपल्याकडेही काश्मीर, मणिपूर, श्रीलंका, सीरिया अशा पार्श्वभूमीवरची हस्तलिखितं येतात, अनुवाद तर येतातच.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी काम म्हणजे नवलांची यादी. एक वही घ्यायची आणि मुख्य पात्राला जिथे जिथे आश्चर्य वाटतं, धक्का बसतो, काहीतरी पहिल्यांदाच कळतं, ते प्रत्येक वाक्य पान क्रमांकासह उतरवायचं. मग प्रत्येकासमोर विचारायचं: या वयाच्या, या शिक्षणाच्या, या गावच्या माणसाला हे आधीपासून माहीत असणार नाही का? असणार असेल तर ते नवल लेखकाचं आहे. ते काढायचं किंवा ज्याला खरोखर माहीत नसेल अशा पात्राकडे द्यायचं. इथे तसं पात्र हातात होतं: आठ वर्षांचा लुका. रिंक पाहून तो खुळावला असता तर कुणी हरकत घेतली नसती. उलट यादीही करावी, पात्राला ज्याचं काहीच वाटत नाही अशा गोष्टींची. हिंसेच्या प्रदेशातल्या माणसाच्या त्या यादीत परक्या वाचकाला हादरवणाऱ्या गोष्टी सापडायला हव्यात. सापडल्या नाहीत तर लेखक अजून बाहेरच उभा आहे.

दुसरं काम वाटेचं. मालगाड्यांच्या टपावरून जाणाऱ्या या वाटेला स्थलांतरित ‘ला बेस्तिया’, म्हणजे श्वापद म्हणतात. तिच्यावर बसणारे तेव्हा बहुतांश होंडुरास, ग्वातेमाला, एल साल्वादोरचे असत, कारण बसगाड्या थांबवून कागद तपासले जातात आणि त्यांच्याकडे मेक्सिकोचे कागद नसतात. मेक्सिकन नागरिकाला स्वतःच्या देशात बसनं जायला कुणाची परवानगी लागत नाही. मग हाताशी पैसे असलेली मेक्सिकन बाई मुलाला घेऊन चालत्या गाडीवर उडी का मारते? कादंबरीत याचं कारण दिलेलं आहे, हे अनेक टीकाकार सोडून देतात: महामार्गांवर टोळीची नाकी आहेत, आणि विमानानं जायचं तर मुलाचा जन्मदाखला जवळ नाही. कारण चालू शकतं. पण अख्खं पुस्तक ज्या खिळ्यावर टांगलंय तो खिळा इतका बारीक ठेवायचा नसतो. त्यात २०१४च्या उन्हाळ्यात मेक्सिकोनं दक्षिण सीमेचा कार्यक्रम सुरू केला, रुळांजवळ कुंपणं घातली, गाड्यांचा वेग वाढवला, छापे वाढवले. टपावरचा प्रवास त्यानंतर आधीच्या दशकासारखा राहिला नाही. त्याआधीच्या वार्तांकनावर विसंबून २०१६ नंतरची गाडी लिहिली की ती दहा वर्षं जुनी धावते. इतिहास सांगणारं पुस्तक चालतं, पण कोणत्या साली कोणती गाडी हे संपादकाकडे कोष्टकात हवं.

तिसरं, कायदा. छळापासून पळणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या सीमेवर उभं राहून आश्रय मागण्याचा हक्क तिथल्या १९८०च्या निर्वासित कायद्यानं दिला. त्यासाठी छळाचं कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व यांपैकी एक असावं लागतं. टोळीच्या सूडातून एका कुटुंबाचा नाश हा यात बसतो का? ‘कुटुंब’ हा सामाजिक गट धरायचा का, यावर तेव्हाच कायदेशीर झुंज चालली होती. जुलै २०१९मध्ये अमेरिकेच्या महान्यायवादीनं एका मेक्सिकन माणसाच्या प्रकरणात निर्णय देऊन ही वाट जवळपास बुजवली. त्याच्या वडिलांच्या दुकानावर टोळीनं डोळा ठेवला होता. दुकान, टोळी, कुटुंब: लिडियाचीच कथा, जणू सरकारी फायलीत. २०२१मध्ये पुढच्या महान्यायवादीनं तो निर्णय रद्द केला. मेक्सिकन अर्जदारांचे बहुसंख्य अर्ज त्या काळात फेटाळले जात होते, म्हणून लिडियानं वाळवंट निवडणं अशक्य नाही. मात्र जिच्याकडे मारलेल्या पत्रकार नवऱ्याचा छापील लेख आहे, सोळा खुनांच्या बातम्या आहेत, ती शिकलेली बाई नोगालेसच्या अधिकृत फाटकावर उभी राहून नकार मिळवते, आणि मग कोयोटेला पैसे देते, हा क्रम किती जास्त भयंकर झाला असता! संशोधनानं कथानक अडतं असं लेखकांना वाटतं. इथे त्यानं कथानकाला सगळ्यात बळकट प्रसंग दिला असता.

पैशाच्या बाबतीत मात्र कादंबरी बरी आहे. मेलेल्या आईच्या खात्यातली बचत वारसाचे कागद नसताना काढायची, यासाठी नोगालेसच्या बँकेत होणारी लिडियाची घालमेल खरी वाटते. पळणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस अशाच खिडक्यांसमोर जातो, आणि स्थलांतराच्या कथांत नेमका तोच भाग गाळला जातो.

राहिली भाषा. ‘स्पॅनिश येणारा’ वाचक पुरत नाही, तो त्याच प्रदेशातला, त्याच वर्गातला हवा. संवाद त्यानं मोठ्यानं वाचावेत आणि जिथे जीभ अडते तिथे खूण करावी. अमेरिकेत अशा जाणकार वाचकाला हस्तलिखितामागे काही शे डॉलर मिळतात. दहा लाखांच्या उचलीपुढे ही रक्कम चहापाण्याची. पण त्याच्याकडून फार अपेक्षाही करू नये. तो रिंक काढून टाकील, ‘युगाची कादंबरी’ हे वचन काढायचा अधिकार त्याला नसतो. आणि पुढे बोंब झाली की ‘आम्ही तर जाणकाराला दाखवलं होतं’ म्हणून त्याच्याच नावावर खापर फुटतं. मलपृष्ठावरच्या मजकुराची तपासणी संपादकानं स्वतः करावी, आणि विक्रीखात्याच्या प्रत्येक वाक्यासमोर पुस्तकातला पान क्रमांक मागावा.

पुढे काय झालं

३ फेब्रुवारी २०२० रोजी गुर्बा, बोल्स आणि पत्रकार-लेखक रोबेर्तो लोवातो यांनी ‘दिग्निदाद लितेरारिया’ (साहित्यिक सन्मान) या मोहिमेच्या वतीनं न्यूयॉर्कमध्ये मॅकमिलनच्या वरिष्ठांशी बैठक केली. कंपनीनं कर्मचारी आणि पुस्तकं या दोन्हींत लॅटिनो वाटा वाढवण्याचं आणि ९० दिवसांत कृती आराखडा देण्याचं मान्य केलं. महिन्याभरात महासाथ आली आणि पुस्तकविश्वाचं लक्ष दुकानं उघडी ठेवण्याकडे वळलं. जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, लेखकांनी आपापल्या आगाऊ रकमा जाहीर करायला सुरुवात केली तेव्हा मूळ प्रश्न पुन्हा वर आला: गोऱ्या लेखकांच्या पहिल्याच पुस्तकाला मिळणारे आकडे नावाजलेल्या काळ्या लेखकांनाही मिळत नव्हते.

पुस्तकाचं नुकसान झालं का? खपाच्या बाजूनं मुळीच नाही. ते महिनोन्महिने यादीत राहिलं, सदतीस भाषांत गेलं, जगभरात तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. रद्द झाला तो दौरा, पुस्तक नव्हे. पण लेखिकेचा त्रास खोटा होता असंही यावरून निघत नाही. वादाची सगळी धग एकट्या तिच्यावर आली आणि वचन लिहिणारे विक्रीखात्यातले हात निनावी राहिले.

गुर्बाचा निबंधसंग्रह ‘क्रीप’ २०२३मध्ये सायमन अँड शुस्टर समूहाकडून आला आणि अमेरिकेतल्या समीक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. कमिन्सची पुढची कादंबरी ‘स्पीक टू मी ऑफ होम’ मे २०२५मध्ये निघाली, मॅकमिलनच्याच ‘हेन्री होल्ट’ या शाखेकडून. तिच्यात पोर्तो रिकोशी नातं असलेल्या एका कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायका आहेत.